परागकण, शिंका आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'आरोग्य' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. विषय एवढा विस्तीर्ण की, वीस मिनिटांत त्याच्या एका टोकासही हात लागू नये. म्हणून आम्ही त्यातील एक अगदी क्षुद्र वस्तू निवडली आहे. ती म्हणजे हवेतील परागकण.

गणपती बसले की पुण्यातील कित्येक घरांत पहाटेपासून शिंकांचा सपाटा सुरू होतो. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, टाळूस खाज सुटते. ताप मात्र नसतो. 'हवा बदलली' असे म्हणून सुंठीचा काढा पुढे येतो. आमच्याही घरी वर्षानुवर्षे हेच चालले होते. एकदा तर अंगणातील निशिगंधावर दोष ठेवून आम्ही तो उपटून टाकला. शिंका तशाच राहिल्या. बिचारा निशिगंध निरपराध होता! ज्या फुलांस रंग आणि सुवास आहे ती कीटकांना बोलावतात. त्यांचे पराग बहुधा जड व चिकट असतात. ज्यांच्या फुलोऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, अशी गवते आणि वृक्ष आपले पराग वाऱ्याच्या स्वाधीन करतात, आणि तेच आपल्या नाकात शिरतात. शरीर त्या कणास शत्रू समजून हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडते. पुढचा सारा उपद्व्याप त्या द्रव्याचा.

इंग्लंडातील डॉ. चार्ल्स ब्लॅकली हे स्वतः या विकाराने गांजलेले होते. त्यांनी गवताचे पराग आपल्याच नाकात घालून पाहिले, आणि पतंगास चिकट काचपट्ट्या बांधून उंचावरील हवेतले कण टिपले. १८७३ साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडेही मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतील कण टिपणारे यंत्र बनविले. एका घनमीटर हवेत किती कण, अशी ही मोजणी असते. तथापि असा आकडा आपल्या गावांतून पावसाच्या आकड्याप्रमाणे रोज छापून येत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर शिंकांच्या दिवशी फुली मारावी. दोन-तीन वर्षांत आपला ऋतू आपणांस कळतो. भाद्रपद-आश्विनात फुल्या दाटल्या तर गवताचा संशय घ्यावा. त्यात हरळी, म्हणजे आपली दूर्वाही आली. कोवळी दूर्वा वाहण्यास हरकत नाही, तुरे आलेली मात्र घरात आणू नये. पौष-माघात दाटल्या तर वावळ पाहावा. तो निष्पर्ण असता फुलतो आणि त्याचे पराग विपुल उडतात.

ऋतू कळला की उपाय सोपे होतात. त्या दिवसांत सकाळी खिडक्या लावाव्यात, कपडे आत वाळवावेत, बाहेरून आल्यावर तोंड धुवावे. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून निववावे आणि त्यात मीठ घालावे. नळाचे कच्चे पाणी नाकात घालणे धोक्याचे आहे. नाकातील स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांच्या सल्ल्याने ऋतूच्या आधीपासूनच सुरू करावा; त्याचा पूर्ण गुण येण्यास दिवस लागतात. चोंदलेले नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत, नाक अधिकच चोंदते. शिंकांच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन वाहन चालवू नये.

आता जे बोलण्यासाठी आम्ही खरोखर उभे आहोत, ते बोलतो. नाकाच्या या विकारासोबत पुष्कळदा दमाही असतो. आमच्या पुतणीस तो होता. तिचे लग्न जुळविण्यात मध्यस्थ आम्हीच. आणि आम्ही डॉक्टर म्हणवतो! 'आरोग्य' या रकान्यात आम्ही आमच्या हाताने 'उत्तम' असे लिहिले. तिचा पंप तिच्या मामीच्या पिशवीत राहिला. माघात लग्न झाले, आणि पंधराव्या रात्री सासरी तिचा दम कोंडला. संकोचाने ती पहाटेपर्यंत कोणास काही बोलली नाही. ओठ निळे पडलेले पाहून सासूबाईंनीच तिला रुग्णालयात नेले. मुलगी वाचली. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्या माउली एवढेच म्हणाल्या, "भावोजी, सांगितलं असतं तरी आम्ही नाही म्हटलं नसतं. पण पंप उशाशी तरी असता." आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

पंपाची 'सवय लागते' हा समज निराधार आहे. रोजच्या पंपातील औषध अल्प मात्रेत थेट फुप्फुसांत जाते. वधूवर सूचक समितीने त्या रकान्यातील 'उत्तम' हा छापील शब्द काढून तेथे मोकळी जागा ठेवावी, अशी आमची लेखी विनंती अध्यक्षांकडे दिली आहे.

जाता जाता वसतिगृहाच्या आवारासंबंधी. तेथे गाजरगवत माजले आहे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आता देशभर पसरले आहे. त्याच्या परागाने नाक आणि स्पर्शाने कातडी बिघडते. एकेक रोप हजारो बिया टाकते. फुलावर येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटले पाहिजे. येत्या आषाढातील पहिल्या रविवारी तरुण मंडळींनी हातमोजे घालून यावे. ज्यांस शिंका वा दमा आहे त्यांनी तणास हात लावू नये. त्यांनी घरूनच चहा-पोहे पाठवावेत.