हुर्यो आणि त्यानंतर



खेळाडूचे चरित्र हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. आम्हांला वाटते, अवश्य होऊ शकतो. कोवळ्या पोराची पारख किती घाईने करावी, हा प्रश्न तुमच्याआमच्या घरातलाही आहे.

बाल्टिक समुद्राकाठी लाटव्हिया नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या वीस लाखांच्या आत. पण बास्केटबॉलमधले हे घराणे जुने. १९३५ साली जिनिव्हाला युरोपची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती स्पेनला २४-१८ असे हरवून लाटव्हियाने जिंकली. पुढे देश सोव्हिएत संघात गेला. तरी १९५८ ते १९६० अशी लागोपाठ तीन वर्षे युरोपीय क्लबांचा चषक रिगाच्याच संघाने नेला.

या देशातल्या लिएपाया बंदरात २ ऑगस्ट १९९५ रोजी क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस जन्मला. आई, वडील, थोरला भाऊ, सगळे हाच खेळ खेळणारे. २०१० साली, पंधराव्या वर्षी, तो घर सोडून स्पेनमधील सेव्हिलच्या क्लबात गेला. भाषा येईना, अंगावर मांस नाही, थोडे धावला की दमे. असा मुलगा आळशी ठरायला कितीसा वेळ लागतो? पण तेथे रक्त तपासले, तो पंडुरोग निघाला! औषधपाणी झाले, क्लबाने धीर धरला, आणि २०१२ साली तो स्पेनच्या वरिष्ठ साखळीत उतरला. २०१४ साली अमेरिकेतील निवडीसाठी दिलेले नावही त्याने मागे घेतले आणि आणखी एक वर्ष सेव्हिललाच काढले.

२५ जून २०१५ रोजी न्यूयॉर्क निक्स या संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. उंची सव्वासात फूट, अंग काटकुळे, नाव अनोळखी. सभागृहाने हुर्यो उडवली. एक लहान मुलगा तर रडू लागला. पोर्झिंगिस रागावला नाही. ओरडणाऱ्यांना टाळ्या वाजवायला लावणे हे आपले काम, एवढेच त्याने म्हटले.

आदल्या हंगामात अवघे १७ सामने जिंकलेला तो संघ पुढल्या हंगामात ३२ जिंकला. पोर्झिंगिसची सरासरी सामन्यामागे १४.३ गुणांची, नवोदितांच्या मानांकनात तो दुसरा आला. टाळ्या आल्या. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि पुन्हा धीराचीच परीक्षा लागली. २०२४ साली बॉस्टनच्या संघातून तो विजेता ठरला.

श्रोतेहो, टाळ्यांचे श्रेय न्यूयॉर्कने घ्यावे. आम्ही मात्र सेव्हिलला नमस्कार करू. दमून बसलेले पोर आपल्याही वर्गात, आपल्याही मैदानावर असते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.