रानांतले मेणे

अठराव्या शतकांतील फ्रेंच सरदारवर्गांत ‘लिबर्तिन’ या नांवानें ओळखली जाणारी मंडळी होती. धर्म, नीति आणि लज्जा हीं तिन्ही बंधनें झुगारून देण्यांतच तिला मुक्ति दिसे. या मंडळीवर कातालान दिग्दर्शक आल्बेर्त सेर्रा यांनीं २०१९ सालीं ‘लिबर्ते’, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, हा चित्रपट काढला. कान येथील महोत्सवांत त्यास विशेष परीक्षक पारितोषिक मिळालें. मात्र मुलाबाळांसह पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे, एवढें श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें.

काळ १७७४ चा. त्या वर्षीं मे महिन्यांत पंधरावा लुई वारला आणि विलासी दरबाराच्या जागीं सोळाव्या लुईचा सोवळा दरबार आला. तेथून हांकलले गेलेले कांहीं सरदार ड्यूक द वाल्शेन या जर्मन उमरावाचा आश्रय मिळवून आपला पंथ त्या देशांत रुजवूं पाहतात. वाल्शेनची भूमिका हेल्मुट बर्गर यांची आहे. विस्कोंतींच्या चित्रपटांत बव्हेरियाचा देखणा राजा झालेला हा नट येथें वार्धक्यानें थकलेला दिसतो, आणि तें शोभतेंही.

आरंभींच दामियेंच्या देहदंडाचें वर्णन येतें. पंधराव्या लुईवर सुरा चालविल्याबद्दल १७५७ सालीं पॅरिसमध्यें त्याचें शरीर घोड्यांकडून फाडविण्यांत आलें होतें. सांगणाराच्या स्वरांत दयेचा लवलेश नाहीं. उलट तो वर्णनांत रंगून जातो. या लोकांच्या सुखाला क्रौर्याचा वास कां येतो, हें तेथेंच कळतें.

पुढें दोन तास केवळ एक रात्र आणि एक रान. झाडींत मेणे ठेवलेले आहेत. त्यांच्या लहान खिडक्यांतून कोणीतरी सारखें पाहत असतें. दरबाराची कोंडी सोडून आलेले हे मुक्तात्मे मोकळ्या रानांतही लांकडी पेटींतच जाऊन बसतात! आणि मेणा म्हटला कीं भोई आलेच. अंधारांत धनी कोण व चाकर कोण, हें पुढें पुढें ओळखूं येईनासें होतें. कोणी यांत समता पाहील. परंतु चाकराला ‘नको’ म्हणण्याची मुभा आहे कीं नाहीं, हें त्या रात्रीं कोणीच विचारीत नाहीं.

सुखाच्या मागें लागलेली ही माणसें सुखी मात्र दिसत नाहींत. तीं हिंडतात, दुसऱ्याकडे टक लावून पाहतात, थकतात आणि पुन्हा हिंडतात. प्रेक्षकही कंटाळतो, आणि तो कंटाळा दिग्दर्शकानें जाणूनबुजून आणलेला वाटतो. अखेरीस झाडांवर पहांटेचा उजेड येतो. बास्तीयचा तुरुंग पडण्यास अजून पंधरा वर्षें असतात.