बुरूड राजाचा कोट आणि आपले इतिहास मंडळ

(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी इतिहास मंडळ सुरू केले आहे, हे आपणास ठाऊक आहेच. महिन्यातून एका रविवारी जमायचे, जवळपासची जुनी ठिकाणे पाहायची, म्हाताऱ्या माणसांना बोलते करायचे आणि ऐकलेले वहीत उतरवायचे, असा हा उपक्रम आहे. मागच्या खेपेस मंडळी नालासोपाऱ्याचा स्तूप पाहून आली आणि आल्या आल्या भांडली. भांडण असे, की त्या जागेला जुने लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, हे वहीत लिहावे की नाही? एक विद्यार्थी म्हणाला, “सर, तिथे स्तूप आहे हे सिद्ध झाले. मग ही भाकडकथा कशाला?” दुसरा म्हणाला, “लोकांनी सांगितले तर लिहायलाच हवे.” मला न्यायनिवाडा करायला सांगितले. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पाली ग्रंथांतले सुप्पारक ते हेच. जातककथांत आणि पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेत या बंदराचे नाव येते. पुढे बंदराचे वैभव गेले. 1882 साली तिथे झाडाझुडपांनी वेढलेला विटा-मातीचा एक ढिगारा होता. गावचे लोक सांगत, हा टोपल्या विणणाऱ्या बुरुडांच्या राजाचा किल्ला. एखाद्या साहेबाने किंवा शास्त्र्याने हे ऐकून हसून सोडून दिले असते. पण तिथे गेले ते पंडित भगवानलाल इंद्रजी.

हा माणूस विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. 1839 साली जुनागडला जन्म. कॉलेजची पदवी नाही. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे, तो आपल्याला वाचता आला पाहिजे, या ध्यासाने लहान वयातच ब्राह्मी अक्षरे शिकला. पुढे 1861 साली मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आला आणि त्यांच्यासाठी देशभर हिंडून लेखांच्या नकला केल्या. शेवटी परदेशातल्या लायडन विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली. आपल्या गावाजवळच्या एका दगडाचे कुतूहल माणसाला कुठवर नेते पाहा.

भगवानलालांनी लोकांची गोष्ट ऐकून घेतली, टिपून ठेवली आणि ढिगाऱ्याचा आकार पाहून तर्क केला की हा स्तूप असावा. एप्रिल 1882 मध्ये खणले. मधोमध दगडाची गोल पेटी लागली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. आणि सोन्याच्या त्या करंड्यात काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! ते तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून तिथे ठेवले असावेत, असे भगवानलालांचे मत पडले. पाच करंड्यांचा बंदोबस्त मातीच्या खापरीसाठी, ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे, तरी दर वेळी माझाच आवाज बदलतो. सोबत सोन्याची फुले होती, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते आणि आठ लहान मूर्ती होत्या. त्या मूर्ती नाण्याहून बऱ्याच नंतरच्या, म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडला गेला होता. हा ठेवा मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

आता बुरूड राजाकडे येतो. असा राजा झाल्याचा पुरावा सापडलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. पण शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो कोण? बुरूडच. गावाच्या नावाचा अर्थ लोकांच्या तोंडी राहिला आणि त्यातून राजा निर्माण झाला, असे तर नसेल? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि वहीत तो तर्क म्हणूनच लिहा. मात्र मला एक गोष्ट सुखावते. इतक्या मोठ्या वास्तूला मालक शोधताना लोकांनी एखादा चक्रवर्ती नेमला नाही, टोपल्या विणणारा नेमला. ही कथा खोडून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उलट बाजूही सांगतो, कारण आपल्यात तो दोष आहे. कुठे फुटका दगड दिसला की आपण लगेच ‘हा स्तूपच’ म्हणतो. भगवानलालांनी तर्क केला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, खणून पाहिले. आपण खणायचे नाही, तो पुरातत्त्व खात्याचा अधिकार आहे. आपण विचारायचे, मोजायचे, लिहायचे, आणि कोणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले, ते खाली नोंदवायचे.

लिहिले नाही तर काय होते, ते स्वतःवरून सांगतो. माझ्या आजीची एक पत्र्याची ट्रंक होती. तीत सभांच्या वर्गणीच्या पावत्या, दोन-चार हस्तपत्रके आणि कुणाकुणाची पत्रे होती. आजी गेल्यावर 1971 साली चाळीतली खोली बदलताना मी ती सगळी कागदपत्रे रद्दीवाल्याला दिली. मी तेव्हा शिकलेला होतो, शिक्षक होतो. आजी निरक्षर, पण तिने ते कागद जपले होते. पुढे 1989 साली मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून केलेले ते काम वाचताना मला ती ट्रंक दिसत होती. आजी कोणत्या सभेला गेली होती, पावतीवर कोणाची सही होती, आज मला सांगता येत नाही.

सोपाऱ्यालाच त्याच 1882 साली भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तुकड्यात थोडीच अक्षरे आहेत, पण हा लेख गिरनारला पूर्ण वाचायला मिळतो. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींवर जात, मी धम्मयात्रेला निघालो, असे त्यात सम्राट सांगतो. या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, दान, वृद्धांची भेट, त्यांना सोने देणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे, धम्माविषयी त्यांच्याशी बोलणे. आपल्या मंडळाचा कार्यक्रम याहून फार वेगळा नाही. सोने तेवढे आपल्याजवळ नाही, तेव्हा चहा-साखरेची पुडी न्या.

येत्या रविवारी मंडळ आपल्याच वस्तीतल्या एका आजींकडे जाणार आहे. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे आहे. दुपारी त्यांना झोप लागते, म्हणून सकाळीच जा. दोन वह्या घ्या. एकीत त्यांचे शब्द जसेच्या तसे, व्याकरण न सुधारता. दुसरीत तुम्ही पडताळून पाहिलेले. आणि घरात ट्रंक असेल तर ती उघडण्याआधी त्यांची परवानगी मागा.