प्रौढांचे अध्यापक माल्कम नोल्स
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या मुलांसाठी आहेत आणि पारितोषिकेही मुलांनाच मिळतात. ते योग्यच आहे. परंतु लग्नामुळे वा घरच्या ओढगस्तीमुळे ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्या आपल्यातील वडीलधाऱ्या स्त्रीपुरुषांचे काय? हा प्रश्न मनात घोळत असल्यामुळेच मी आज माल्कम नोल्स या अमेरिकन प्राध्यापकांविषयी बोलणार आहे.

नोल्स यांचा जन्म १९१३ सालचा. हार्वर्डची पदवी घेतल्यावर ते १९४० मध्ये बोस्टनच्या वाय. एम. सी. ए. संस्थेत प्रौढ शिक्षणाचे काम पाहू लागले. तेथे त्यांनी खगोलशास्त्राचा वर्ग काढला व विद्यापीठातील एक अध्यापक नेमले. त्यांनी पिवळी पडलेली टिपणे वाचून दाखवावीत आणि विद्यार्थी एकेक करून गळावेत, असा प्रकार झाला. पुढील खेपेस नोल्स यांनी एका हौशी आकाशनिरीक्षकास बोलाविले. या गृहस्थांनी मंडळींना थेट गच्चीवर नेले आणि आकाशात काय दिसते, कशाचे कुतूहल वाटते, हे त्यांनाच विचारले. त्या प्रश्नांवरच पुढचा वर्ग चालला. नोल्स यांच्या साऱ्या विचाराचे बीज या गच्चीवर सापडते, असे मला वाटते.

पुढे ते शिकागो विद्यापीठात शिकले. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी तेथे १९४५ मध्ये समुपदेशन केंद्र उभारले होते. समोरच्याला उपदेश न पाजता त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे व त्याचा मार्ग त्यालाच सापडू द्यावा, ही रॉजर्स यांची रीत नोल्स यांच्या अध्यापनातही उतरली. १९५९ पासून बोस्टन विद्यापीठात आणि १९७४ पासून नॉर्थ कॅरोलायनात प्राध्यापकी करून ते १९७९ मध्ये निवृत्त झाले. १९९७ मध्ये निवर्तले. आपण काय शिकणार, कसे, किती मुदतीत आणि ते आल्याचा पुरावा काय, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहून द्यावयाचे, अशी 'अध्ययन-करारा'ची पद्धत त्यांनी रूढ केली.

१९७० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बालशिक्षण आणि प्रौढशिक्षण ही परस्परविरुद्ध मांडली होती. १९८० च्या आवृत्तीत मात्र त्यांनी ग्रंथाचे उपशीर्षकच बदलले. प्रौढांची रीत मुलांनाही पुष्कळदा लागू पडते, असे शिक्षकांनी त्यांना अनुभवाने दाखवून दिले होते. स्वतःच्या गाजलेल्या सिद्धान्ताला अशी मुरड घालणारे विद्वान विरळा! आम्हां शाळामास्तरांना तर ही गोष्ट विशेष सुखावणारी आहे.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती अशी : येत्या वर्षी प्रौढांचा वर्ग काढावा, परंतु अभ्यासक्रम आधी छापू नये. कोणाला बँकेचा अर्ज भरावयाचा असेल, कोणाला नातवाचे इंग्रजी पुस्तक वाचावयाचे असेल. पहिल्या बैठकीत फक्त विचारावे व वहीत टिपून घ्यावे. वही मी आणीन.