शेऱ्याखालची मोकळी जागा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू अमेरिकेत नक्की करतेस तरी काय?" असं कालपासून निदान दहा जणांनी मला विचारलं. खरं सांगू? मी अजूनही प्रगतिपुस्तकच सांभाळते. फक्त आता ते कंपनीचं असतं.

व्हर्जिनियातल्या एका छोट्या कंपनीत मी आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या कार्यालयांतले संगणक चालू ठेवायची कंत्राटं आम्ही घेतो. ठरावीक रकमेच्या वरचं काम असलं, की वर्षातून एकदा आणि काम संपल्यावर सरकारी अधिकारी 'सीपार्स' नावाच्या प्रणालीत आमच्याबद्दल शेरा लिहितो. दर्जा, वेळ, व्यवस्थापन असे विषय आणि प्रत्येकाला श्रेणी. श्रेण्या पाच: उत्कृष्ट, खूप चांगले, समाधानकारक, काठावर आणि असमाधानकारक. पुढच्या वेळी निविदा भरली, की दुसऱ्या खात्याचे अधिकारी ते उघडून वाचतात. काम संपल्यावरही ३ वर्षं, आणि बांधकाम असेल तर ६ वर्षं, हे शेरे निवडीच्या वेळी बघतात. नुसती किंमत कमी लावून भागत नाही.

शेरा आला की उत्तर द्यायला १४ दिवस मिळतात. त्यानंतर तो इतर खात्यांना दिसू लागतो. आमचं उत्तर शेऱ्यासोबत कायम राहतं. पटलं नाही तर वरचा अधिकारी फेरविचार करतो, पण शेवटचा शब्द सरकारचाच.

या मोकळ्या जागेत कोण काय लिहितो, हे बघण्यासारखं असतं. काही जण काहीच लिहीत नाहीत. काही जण वकिलाकडून चार पानी भांडण लिहून घेतात. हुशार मंडळी मात्र वर्षभर टिपणं ठेवतात. अधिकाऱ्याच्या हाताखाली अनेक कामं असतात. त्याला शेवटचा महिना आठवतो, आधीचे ११ आठवत नाहीत. म्हणून आपण काय केलं, त्यातून सरकारचा काय फायदा झाला, याची यादी शेरा लिहायच्या आधीच त्याच्या हाती देतात. 'खूप चांगले' द्यायचं तर तो फायदा त्याला लिहून दाखवावा लागतो. ही लबाडी नाही, हा गृहपाठ आहे.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका कामावरचे आमचे दोन अनुभवी तंत्रज्ञ एकाच महिन्यात सोडून गेले. नवे मिळेनात. तक्रारी तुंबल्या. प्रकल्पप्रमुख मीच होते. मासिक अहवालात मी लिहीत राहिले, "सर्व सुरळीत." वाटलं, माणसं मिळतीलच, कशाला उगाच बोभाटा! वर्षअखेरीला शेरा आला: वेळ, काठावर. व्यवस्थापन, काठावर.

आमचे मालक संतापले. म्हणाले, वकील लावू. मी त्या रात्री श्रेण्यांच्या व्याख्या पुन्हा वाचल्या. 'समाधानकारक'मध्येसुद्धा चुका धरलेल्या आहेत. किरकोळ अडचणी आल्या, पण त्यांवरचे उपाय लागू पडले, असं तिथे लिहिलंय. 'काठावर' म्हणजे अडचण गंभीर, आणि कंत्राटदाराला उपाय सापडलेला नाही किंवा त्याने सुचवलेला पुरेसा लागू पडलेला नाही. माणसं सोडून गेली, हे त्या अधिकाऱ्याने समजून घेतलं असतं. मी त्याला ते सांगितलंच नव्हतं. मग उपाय कुठून दिसणार?

तेव्हा मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. सातवीत सहामाहीला मी नापास झाले आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही स्वतःच ठोकून दिली. बाईंनी ती ओळखली. छडी नाही, ओरडा नाही. एवढंच म्हणाल्या, "मार्क मी शिकवून भरून काढीन गं. पण तू लपवलंस, तर मी शिकवू कुठून?"

मी उत्तर लिहिलं. जागा रिकाम्या होत्या, खरं. आम्ही कळवलं नाही, ती चूक माझी. त्यानंतर कोणाला नेमलं, तुंबलेल्या तक्रारी कधी संपवल्या, याचे तारीखवार पुरावे जोडले. अधिकाऱ्याने वेळेची श्रेणी 'समाधानकारक' केली. व्यवस्थापनाची 'काठावर'च ठेवली. त्याचं बरोबर होतं.

पुढचं मोठं काम आम्हाला मिळालं नाही. का, ते विचारल्यावर त्यांनी तोच शेरा दाखवला. आमच्यातल्या सहा जणांची नोकरी गेली. त्यांतल्या एकीचं बाळ चार महिन्यांचं होतं. माझ्या एका "सर्व सुरळीत"ची ती किंमत होती, आणि ती मी भरली नाही, त्यांनी भरली. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. आज इथे सांगावंसं वाटलं, कारण माझी खोटी सही पहिल्यांदा पकडली गेली ती याच इमारतीत.

आता आमच्या मासिक अहवालाचा पहिला रकाना 'काय बिघडलं' हा असतो. नव्या मुलांना तो भरताना जिवावर येतं. मी त्यांना बाईंचं वाक्य सांगते, इंग्रजीत. तितकं ठसकेबाज होत नाही, पण पोचतं.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ती सही माझीच होती. तुम्हाला माहीत होतंच. पण मी कधी कबूल केलं नव्हतं. आज करते.