शेताचे स्थानिक नाव

सातबारा हाती आला की आपली नजर गट नंबरावर जाते, मग क्षेत्रावर. त्याच कागदावर एक रकाना असतो, ‘शेताचे स्थानिक नाव’. फार ठिकाणी तो कोराच असतो, आणि मला त्याची हळहळ वाटते.

जुन्या दख्खनी गावांत जमीन ‘थळां’त वाटलेली असे. थळाला बहुधा मूळ मिराशी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, कुळाचं आडनाव असायचं आणि थळझाडा या नोंदीत ती सगळी नावं लिहिलेली असत. घराणं संपलं की जमीन ‘गतकूळ’ म्हणायची. कसणारा दुसरा येई, तरी थळाचं नाव जुन्याच कुळाचं राही. नांगर एकाचा, नाव दुसऱ्याचं! गाव कोणी वसवलं, याचा माग अशा नावांतून लागतो.

१८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मोजणीवर इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी झाली. शेतांना क्रमांक मिळाले, बांधावर दगड रोवले गेले. सारा ठरवायला ते सोयीचं होतं. बोलण्यात मात्र चिंचेचं वावर, मसणवटीची पट्टी, देवाचा मळा हीच नावं चालत राहिली. पुढे जमीन एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि शेजारशेजारची वेगळी नावं एका आकड्याखाली आली.

तुमच्या वावराचं नाव आजीला ठाऊक असेल. या आठवड्यात तिला विचारा, आणि लिहून ठेवा.