गाणं आवडलं, पण ते कुणाचं?

(‘सध्या काय ऐकताय?’ या विषयावरच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय सोपा आहे. आवडतं संगीत कोणतं आणि सध्या कानात काय चाललंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे दिवसातले सात-आठ तास हेडफोन कानावर असतो. त्यातला बराच वेळ गाणं चालू असतं आणि मी ते ऐकत नसतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच होत असणार! म्हणून गेलं वर्षभर मी एक नियम पाळतोय. गाणं आवडलं की तीन नावं शोधायची. लिहिलं कुणी, चाल कुणाची, गायलं कुणी. मग त्यातल्या एका नावाचं बोट धरून पुढच्या गाण्याकडे जायचं. अ‍ॅप काय सुचवतंय ते नंतर.

सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्यापासून करू. २००९ मध्ये आलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’. त्यातलं हरिहरन आणि श्रेया घोषालचं द्वंद्वगीत आठवा. त्या सिनेमासाठी या दोघांनाही गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अजय-अतुलना संगीताचा. ही नावं आपल्याला पाठ आहेत. गीतकार कोण? मी ऑफिसात आठ जणांना विचारलं. सगळ्यांना गाणं येत होतं, गीतकार एकालाही सांगता आला नाही. संजय कृष्णाजी पाटील. ज्या शब्दांवर आपण इतकी वर्षं जीव टाकतोय, ते त्यांचे आहेत.

दुसरं म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. माझ्या पिढीला हे नाव २०१५ च्या सिनेमामुळे माहीत. सुबोध भावेचं दिग्दर्शन, शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत. पण त्यातल्या काही चाली मूळ नाटकातल्या आहेत. ते नाटक १९६७ चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, आणि संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. मूळ नाटकात खाँसाहेब उभे केले वसंतराव देशपांड्यांनी. सिनेमात त्याच पात्रासाठी गायलाय त्यांचा नातू राहुल देशपांडे. एकदा आजोबा आणि नातू लागोपाठ ऐका. आणि एक गोष्ट कान देऊन ऐका. गोष्ट दोन घराण्यांच्या स्पर्धेची आहे, म्हणजे खाँसाहेबांचं गाणं आणि पंडितजींचं गाणं प्रेक्षकाला डोळे मिटूनही वेगळं कळायला हवं. एकाच संगीतकाराने दोन गायक्या उभ्या करायच्या! हे कळल्यावर मी तेच नाटक तिसऱ्यांदा ऐकलं आणि पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

तिथून अभिषेकीबुवांचं बोट धरलं. ‘मत्स्यगंधा’, ‘ययाती आणि देवयानी’, ‘हे बंध रेशमाचे’ अशी नाटकं एकामागून एक ऐकली. बुवा मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. आणि त्याच फोंडा तालुक्यात केरी नावाचं गाव आहे, तिथल्या केसरबाई केरकर. माझ्या प्लेलिस्टमधलं तिसरं नाव हेच.

केसरबाई जयपूर घराण्याच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मैफिलीत एकेक राग तास-तासभर मांडणाऱ्या. पण जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि आज आपल्या हातात मुख्यत्वे तेवढंच आहे. आम्ही कोडरमंडळी डेटा कॉम्प्रेस करतो ना, तसं काहीसं. फरक एवढाच की इथे कॉम्प्रेशन गाणाऱ्याच्या डोक्यात व्हायचं. पहिल्या सेकंदाला सूर लागलेला, वायफळ एक क्षण नाही. सध्या सकाळी काम सुरू करण्याआधी मी त्यांची एकच रेकॉर्ड ऐकतो, दोनदा. त्या वेळात मोबाइल उलटा ठेवतो.

त्यांची भैरवीतली अशीच एक साडेतीन मिनिटांची रेकॉर्ड १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. दोन्ही यानं त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पहिलं व्हॉयेजर आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. तबकडीवर काय काय आहे त्याच्या यादीत त्यांचं नाव ‘सूरश्री’ या किताबासकट आहे.

नावावरून गौहर जान आठवली. १९०२ मध्ये कलकत्त्यात तिचं रेकॉर्डिंग झालं, भारतातल्या अगदी पहिल्या व्यावसायिक रेकॉर्डिंगपैकी ते एक. त्या काळच्या तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगते. ऐकताना आपल्याला हसू येतं. पण त्याचं कारण असं सांगतात की तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कसं कळणार हा आवाज कुणाचा? म्हणून नाव आवाजातच घालून पाठवायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर हा मेटाडेटा झाला, आणि तो फाइलपासून सुटूच शकत नाही असा.

आता थोडं धंद्याचं बोलतो, कंटाळू नका. गाण्याला दोन वेगळे ओळख-क्रमांक असतात. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा, १२ अक्षर-अंकांचा. आयएसडब्ल्यूसी हा रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. एकाच रचनेची पन्नास रेकॉर्डिंगं असू शकतात. अ‍ॅपच्या पडद्यावर आपल्याला दिसतं ते मुख्यतः रेकॉर्डिंग आणि गायक. कवी आणि संगीतकार असले तर तीन ठिपके दाबून आत. बऱ्याचदा तिथेही नसतात. आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमाचं गाणं थिएटरबाहेर कुठेही वाजलं, तर त्याच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा वाटा असतो. पण डेटाबेसमधला नावाचा रकाना रिकामा असेल तर पैसे पाठवायचे कुणाला?

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. माझा मामा तासगावकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. भजनी मंडळासाठी गाणी लिहायचा, चालीही लावायचा. १९९८ मध्ये त्यांच्या मंडळाची गणपतीच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली. कॅसेटच्या आतल्या कागदावर छापलं होतं, गीत-संगीत मामाचं. पुढे कुणीतरी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. गाणी एमपीथ्री झाली, कागद डबीत राहिला. फाइलमध्ये नाव लिहायची सोय होती, पण तेवढा वेळ कुणाकडे होता? आज त्यातलं एक गाणं मला इंटरनेटवर नऊ ठिकाणी सापडलं. सातांवर गीतकार म्हणून लिहिलंय ‘पारंपरिक’. दोघांनी स्वतःचंच नाव टाकलंय.

दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत ते गाणं वाजत होतं. मामाने साउंडवाल्या पोराला विचारलं, कुणाचं रे हे? पोरगा म्हणाला, “सर, लई जुनं हाय, पारंपरिक.” मामा घरी येऊन हसत हसत आम्हाला म्हणाला, “आरं, मी अजून जित्ता हाय की!” सगळे हसले. मामी मात्र हसली नाही. ती गाणी तो रात्री जागून लिहायचा, ते तिने पाहिलंय.

मग आम्ही कामाला लागलो. नऊ जणांना संदेश पाठवले. एकाने माफी मागून नाव बदललं, एकाने मला ब्लॉक केलं, बाकीचे गप्प. कॅसेटचा कागद स्कॅन केला, मामाची वही स्कॅन केली. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिथल्या सभासदत्वाचा अर्ज आता भरतोय. मामा म्हणतो, “पैशाचं राहू दे, नाव तेवढं लाव.” मी म्हणतो, दोन्ही लावू.

शेवटचं, सध्या चालू असलेलं ऐकणं. ‘गीतरामायण’. शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं, अशी वर्षभरात ५६ गाणी. मीही त्याच चालीने ऐकतोय, रविवारी एकच गाणं. सध्या एकोणिसाव्यावर आहे. पुढचं लावायचा मोह होतो, पण वाट बघण्यात मजा आहे. बाबूजींच्या आवाजातलं आपण नेहमी ऐकतो, पण रेडिओवर त्या वेळी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे कितीतरी आवाज होते. प्रत्येक गाण्याला गायक कोण, हे शोधणं हा माझा रविवारचा उद्योग. रेडिओवरचे निवेदक गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायचे. लहानपणी वाटायचं, किती बोलतात हे, लावा की गाणं!

तर या आठवड्यात एवढंच करा. सगळ्यात आवडतं एक गाणं घ्या आणि तिन्ही नावं शोधा. सापडली की ज्याला ते गाणं पाठवाल, त्याला नावांसकट पाठवा. आणि घरात जुन्या कॅसेटी असतील तर विकायच्या आधी आतले कागद काढून फोटो काढून ठेवा. कुणाच्या तरी मामाच्या कामी येतील.

तुम्ही काय ऐकताय तेही कळवा. तिन्ही नावांसकट हं! भेटू पुढच्या भागात.